‘अंडं फुटलं’ म्हणजे चांगलं की वाईट?

निळी फाइल आहे, दिवस राहावेत म्हणून घेतलेल्या उपचारांची. पहिल्या कागदावर १९ जानेवारी, शेवटच्या कागदावर १७ डिसेंबर. मधल्या अकरा महिन्यांत मी जितकी इंजेक्शनांना घाबरले नाही, तितकी शब्दांना घाबरले. ज्यांच्या हातात आत्ता अशीच एखादी फाइल पहिल्यांदा आली असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. कुठलं औषध घ्यावं, कुठलं टाळावं हे यात सापडणार नाही. कुठला शब्द मला कसा भेटला आणि त्याचा अर्थ कळायला किती दिवस लागले, एवढंच आहे.

पहिल्या भेटीची वेळ तीन आठवड्यांनी मिळाली होती. भेट वीस मिनिटांची. त्यातली पंधरा मिनिटं प्रश्नोत्तरांत गेली: पाळी किती दिवसांनी येते, किती दिवस राहते, आधी कधी दिवस राहिले होते का. मी तेहतीस वर्षांची, चौदा महिने प्रयत्न चालू होते, पाळी छत्तीस ते बेचाळीस दिवसांनी. आणि हो, दोन वर्षांपूर्वी एकदा दिवस राहिले होते, आठव्या आठवड्यात गेलं. डॉक्टर बोलत होत्या आणि लिहीत होत्या. बाहेर येऊन मी कागद उघडला तर वरच दोन ओळी होत्या: ‘जी१ पी० ए१’ आणि ‘सेकंडरी इन्फर्टिलिटी’.

सेकंडरी म्हणजे दुय्यम, म्हणजे फारसं गंभीर नाही, असं मी आधी धरून चालले. नवऱ्याचा तर्क उलटा, सेकंडरी स्टेज म्हणजे पुढची पायरी. दोन्ही चूक. आयुष्यात एकदाही गर्भधारणा झाली नसेल तर प्रायमरी, आधी एकदा तरी झाली असेल तर सेकंडरी. मूल घरात असण्या-नसण्याशी त्या शब्दाचा संबंध नाही. ‘इन्फर्टिलिटी’चाही अर्थ मला वाटत होता तो नव्हता. कुठलंही साधन न वापरता बारा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, की तपासण्या सुरू करण्यासाठी लावायचं ते नाव. स्त्रीचं वय पस्तीस किंवा त्याहून जास्त असेल तर बारा महिने थांबत नाहीत, सहा महिन्यांनीच तपासायला घेतात. मराठीत याला ‘वंध्यत्व’ म्हणतात आणि तो शब्द निकालासारखा ऐकू येतो. फाइलमध्ये तो निकाल नसतो, अर्जाचं शीर्षक असतं.

‘जी१ पी० ए१’ मात्र मी विचारलंच नाही. ‘ए’ कशाचा हे कळायला वेळ लागला, तो भाग पुढे येईल.

पहिली चूक लगेच झाली आणि ती एका शब्दाचीच होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाळीच्या दुसऱ्या दिवशी रक्त तपासायचं आणि सोनोग्राफी करायची. २८ जानेवारीला तपकिरी डाग दिसला. मी तो पहिला दिवस धरला आणि २९ ला जाऊन रक्त देऊन आले. खरी पाळी सुरू झाली ३१ ला. डाग पडणं म्हणजे स्पॉटिंग, ते मोजायचं नसतं. नीट लाल रक्तस्राव सुरू होतो तो पहिला दिवस. एफएसएच, एलएच आणि एस्ट्राडिऑल या तीन हार्मोन्सचे आकडे पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या अपेक्षेनं वाचायचे असतात, त्यामुळे माझे रिपोर्ट त्या कामाचे उरले नाहीत. आणि दुरुस्ती करायला एकतीस तारखेची पाळीही हातातून गेली, कारण चूक कळली तेव्हा सहावा दिवस होता. माझं चक्र लांबचं, त्यामुळे पुढची संधी थेट ९ मार्चला. एका डागापायी अडतीस दिवस आणि त्या तपासण्यांचे पैसे. खर्चाचे आकडे इथे मुद्दाम देत नाही, ते ठिकाणागणिक बदलतात. पण माझे जे पैसे अक्षरशः पाण्यात गेले ते सगळे पुन्हा कराव्या लागलेल्या तपासण्यांवर गेले, हे सांगून ठेवते. शंका असेल तर आधी फोन करून विचारा, ‘डाग आहेत, पाळी नाही, येऊ का?’ सिस्टरांना या प्रश्नाची सवय असते.

मधल्या काळात, ६ फेब्रुवारीला, नवऱ्याची तपासणी झाली. तीन दिवसांचा खंड ठेवून नमुना द्यायचा होता (दोन ते सात दिवस चालतात). संध्याकाळी रिपोर्ट आला आणि त्यावर एकच शब्द ठळक छापलेला: ‘टेराटोझूस्पर्मिया’. खाली, सामान्य आकाराचे शुक्राणू ३ टक्के.

त्या रात्री घरात कोणी फारसं बोललं नाही. शंभरातले तीन! पुढच्या भेटीला अजून दहा दिवस होते. ते दहा दिवस मी त्या शब्दाची फोड करण्यात घालवले आणि तिथे मला शाळेतलं व्याकरण उपयोगी पडलं. हे सगळे शब्द म्हणजे समास आहेत, विग्रह केला की दात पडतात त्यांचे. ‘ऑलिगो’ म्हणजे थोडे, ‘अस्थेनो’ म्हणजे अशक्त, ‘टेराटो’ म्हणजे आकार बिघडलेले. त्यांच्या पुढे ‘झूस्पर्मिया’ लावलं की अनुक्रमे संख्या कमी, हालचाल कमी, आकार सामान्य असलेले कमी. तोच ‘ऑलिगो’ माझ्या कागदावरही होता: ‘ऑलिगोमेनोरिया’, म्हणजे पाळी क्वचित, लांबून येणारी. ‘हिस्टेरो’ गर्भाशय, ‘साल्पिंगो’ नळी, ‘ग्राफी’ चित्र. तर हिस्टेरोसाल्पिंगोग्राफी म्हणजे पिशवीचं आणि नळ्यांचं चित्र. एवढा मोठा शब्द, आणि आत एक एक्स-रे.

दहा दिवसांनी डॉक्टर जे म्हणाल्या ते आम्ही दोघांनी वहीत लिहून घेतलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत जे आकडे आहेत, ते पास-नापासाचे गुण नाहीत. ज्यांच्या जोडीदाराला वर्षाच्या आत दिवस राहिले अशा पुरुषांचे नमुने तपासले, आणि त्यांतले सगळ्यात खालचे पाच टक्के जिथे संपतात तिथे रेघ मारली. आकाराची रेघ ४ टक्क्यांवर, म्हणजे बाप झालेल्यांतही शंभरातले शहाण्णव शुक्राणू ‘बिघडलेले’ असू शकतात. बाकी रेघा अशा: एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे सरकणारी हालचाल ३० टक्के. नवऱ्याचे बाकीचे सगळे आकडे रेघेच्या वर होते. शिवाय एका रिपोर्टवर कोणी शिक्का मारत नाही. शुक्राणू तयार व्हायला सत्तरहून जास्त दिवस लागतात, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं. मे महिन्यात बघितलं, ५ टक्के. तोच माणूस, तीच प्रयोगशाळा. ठळक छापलेला शब्द गायब.

तेव्हापासून वहीत तीन रकाने पाडले. कागदावरचा शब्द, डॉक्टर तोंडानं काय म्हणाल्या, आणि याच्यामुळे पुढे काय बदलणार. तिसरा रकाना बऱ्याचदा रिकामा राहायचा, आणि तोच सगळ्यात दिलासा देणारा होता.

मार्चमध्ये माझ्या तपासण्या अखेर नीट झाल्या. १० तारखेला रक्त, त्याच दिवशी सोनोग्राफी, १७ तारखेला, म्हणजे नवव्या दिवशी, ती नळ्यांची एचएसजी, म्हणजे वरची हिस्टेरोसाल्पिंगोग्राफी. ती पाळी थांबल्यानंतर आणि बीज बाहेर पडण्याआधीच्या दिवसांत करतात, आणि पाळी आल्यापासून तपासणी होईपर्यंत संबंध टाळायला सांगतात, चुकून दिवस राहिलेले असू नयेत म्हणून. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तासभर आधी वेदनाशामक गोळी घेतली होती. तरी कळ आली, पाळीच्या सगळ्यात वाईट दिवसासारखी, साधारण दोन मिनिटं. सॅनिटरी पॅड बरोबर न्या आणि परत येताना कोणीतरी सोबत असू द्या. रिपोर्टवर लिहिलं होतं ‘बायलॅटरल फ्री स्पिल’. स्पिल म्हणजे सांडणं, मला वाटलं काहीतरी गळतंय आत. तर सांडायलाच हवं होतं. पिशवीत सोडलेलं औषध दोन्ही नळ्यांच्या टोकांतून पोटात सांडलं, म्हणजे दोन्ही नळ्या मोकळ्या.

सोनोग्राफीच्या कागदावर दोन गोष्टी. ‘रेट्रोव्हर्टेड युटेरस’, जे बोलताना सांगतात ‘पिशवी उलटी आहे’ असं. उलटी! मी दोन दिवस या कल्पनेत होते की आत काहीतरी पालथं पडलंय. पिशवी पुढे झुकण्याऐवजी मागे झुकलेली असते, इतकंच. पाचांतल्या साधारण एका बाईची तशी असते आणि एरवी त्यानं दिवस राहण्यात अडचण येत नाही. वहीचा तिसरा रकाना रिकामा.

दुसरी गोष्ट पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. तोंडी भाषांतर, ‘अंडाशयावर गाठी आहेत’. गाठ हा शब्द मराठीत ऐकणाऱ्याच्या मनात कुठे जातो ते सांगायला नको. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं: काळे छोटे ठिपके, अंडाशयाच्या कडेनं माळेसारखे. त्या गाठी नव्हेत, फॉलिकल आहेत, दोन ते नऊ मिलिमीटरची पाण्याची पुटकं, प्रत्येकात एक न वाढलेलं बीज. नावातला ‘सिस्ट’ हा शब्दच दिशाभूल करतो. आणि नुसत्या सोनोग्राफीवर पीसीओएस ठरत नाही. २००३ साली रॉटरडॅमला ठरलेले निकष अजून वापरात आहेत: पाळी अनियमित किंवा बीज न सुटणं, पुरुषी हार्मोन्स जास्त असण्याची लक्षणं किंवा रक्तात तसा पुरावा, आणि सोनोग्राफीत तशी अंडाशयं. तिनांतली दोन हवीत, आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिनसारखी दुसरी कारणं आधी बाजूला काढलेली हवीत. म्हणून माझं प्रोलॅक्टिन किंचित वाढलेलं निघालं तेव्हा लगेच औषध नाही, पुन्हा तपासणी. ताणानंसुद्धा ते वाढतं. दुसऱ्या वेळी अर्धा तास शांत बसवून रक्त घेतलं, नॉर्मल आलं.

मी सगळ्यात जास्त रडले ते एएमएच नावाच्या हार्मोनच्या तपासणीवर. आणि तो शब्दाचा नाही, एककाचा घोळ होता. वर्षभरापूर्वी दुसऱ्या प्रयोगशाळेत मी हौसेनं एएमएच करून घेतलं होतं, आकडा होता ४७. आता आला ६.४. रात्री अकरा वाजता मोबाइलवर तो रिपोर्ट उघडला आणि हिशेब केला की वर्षात माझी बीजं सातपट संपली. पहाटे नवऱ्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि आकड्यांच्या पुढची बारीक अक्षरं वाचली. जुना ‘पीएमओएल प्रति लिटर’मध्ये, नवा ‘एनजी प्रति एमएल’मध्ये. नव्याला ७.१४ नं गुणलं की जुनं एकक मिळतं: ६.४ चे साधारण ४६. काहीही बदललेलं नव्हतं. पुढे हेही कळलं की एएमएच उरलेल्या बीजांच्या संख्येचा अंदाज देतं, त्यांच्या प्रतीचा नाही. आणि पीसीओएसमध्ये ते चढंच असतं, म्हणून आकडा मोठा आला म्हणून खूश होण्यातही अर्थ नव्हता. दोन रिपोर्टची तुलना करायच्या आधी एकक बघा. रात्री अकराला रिपोर्ट उघडू नका हेही म्हणेन, पण मी स्वतः ते कधीच पाळलं नाही.

एप्रिलपासून उपचार. तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस लेट्रोझोलची गोळी. खोक्यातलं पत्रक उघडलं तर उपयोग: स्तनाचा कर्करोग. मी गोळी परत खोक्यात ठेवली आणि दवाखान्यात फोन लावला. सिस्टर हसल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांची अजून ऋणी आहे. म्हणाल्या, ‘मूळ औषध त्याचंच. इस्ट्रोजेन थोडे दिवस कमी करतं, मग मेंदू एफएसएच जास्त सोडतो आणि फॉलिकल वाढतं. बीज वाढवायला हेच देतात, पत्रकात लिहिलेलं नसतं. निवांत घ्या.’

मग दहाव्या-अकराव्या दिवसापासून एक दिवसाआड सोनोग्राफी. आणि तिथली भाषा! ‘उजवीकडे अंडं सोळाचं आहे.’ ‘आज अठराचं झालं.’ मी मनात अठरा मिलिमीटरचं अंडं बघत होते. ते अंडं नव्हेच, फॉलिकल, पाण्यानं भरलेली पिशवी. तिच्यातलं खरं स्त्रीबीज मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग, सोनोग्राफीत ते दिसतच नाही. हा फरक माहीत नसल्यामुळे पहिल्या महिन्यात मोठी फजिती झाली. बीज सुटायला देतात ते ट्रिगरचं इंजेक्शन घेऊन दोन दिवसांनी गेले, डॉक्टर पडदा बघत म्हणाल्या, ‘अंडं फुटलं.’ माझा चेहरा पडला. फुटलं म्हणजे गेलं, वाया गेलं, असंच ना? मी विचारलं, ‘मग आता पुढच्या महिन्यात परत?’ त्यांना आधी कळेचना मी काय विचारतेय. फॉलिकल फुटलं, म्हणजे बीज बाहेर पडलं, म्हणजे दोन आठवडे ज्याची वाट बघत होतो तेच झालं. त्यानंतर त्या दवाखान्यात निदान माझ्याशी तरी ‘बीज सुटलं’ असं बोलू लागल्या.

पिशवीच्या आतल्या अस्तराचंही तसंच. एका सोनोग्राफीत ‘अस्तर पातळ, छान’, पुढच्या आठवड्यात ‘अस्तर जाड, छान’. पाळी संपता संपता पातळ हवं, बीज सुटायच्या सुमारास सात-आठ मिलिमीटर आणि तीन रेघांचं हवं. कुठल्याही आकड्याला दिवस जोडल्याशिवाय अर्थ नाही, हे मला असं हप्त्याहप्त्यानं कळत गेलं. ‘एकविसाव्या दिवसाचं प्रोजेस्टेरॉन’ हे आणखी एक फसवं नाव; बीज सुटलं की नाही ते बघायची ही रक्ततपासणी. ते अठ्ठावीस दिवसांच्या चक्रासाठी. खरा नियम येणाऱ्या पाळीच्या सात दिवस आधी. माझ्यासारखीला एकविसावा दिवस म्हणजे कधी कधी बीज सुटायच्याही आधीचा दिवस.

तीन महिने असे गेले. मग आययूआय: नमुना धुऊन, चांगले हलणारे शुक्राणू वेगळे काढून बारीक नळीनं थेट पिशवीत सोडायचे. पाच मिनिटांचं काम, दुखलं जवळपास नाहीच. पहिलं ऑगस्टमध्ये, दुसरं सप्टेंबरमध्ये. पहिल्या वेळी सातव्या दिवशी घरी चाचणी केली आणि दोन रेघा उमटल्या. ट्रिगरच्या इंजेक्शनात जे हार्मोन असतं तेच घरची चाचणी शोधते, आणि ते आठवडा-दीड आठवडा अंगात राहतं. चौदाव्या दिवसाच्या आधी चाचणी करू नका असं कागदावर लिहिलेलं होतं, का ते लिहिलेलं नव्हतं. दोन रेघा चार दिवसांत पुसट होत होत गेल्या. दुसऱ्या वेळी चाचणी आणलीच नाही. दोन्ही वेळा फाइलमध्ये ‘फेल्ड सायकल’ अशी नोंद झाली. चक्र अयशस्वी, बाई नव्हे. पण वाचताना तसं वाटत नाही, आणि या शब्दावर मला वहीतला कुठलाच रकाना उपयोगी पडला नाही. मग एक महिना आम्ही काहीच केलं नाही.

त्याच रिकाम्या महिन्यात मी जुने कागद काढले, दोन वर्षांपूर्वीचे. त्यावर होतं ‘मिस्ड अबॉर्शन’. तेव्हा मी वाचलं होतं, समजून घेतलं नव्हतं. अबॉर्शन म्हणजे मी काही केलं, आणि मिस्ड म्हणजे माझ्याकडून काही राहून गेलं, एखादी गोळी, एखादी तपासणी. असा अर्थ मी दोन वर्षं बाळगला, कोणालाही न सांगता. डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. वैद्यकीय भाषेत सुरुवातीच्या महिन्यांत संपलेल्या कुठल्याही गर्भधारणेला अबॉर्शनच म्हणतात, आपोआप संपली तरी. आणि मिस्ड म्हणजे गर्भाची वाढ थांबली, पण शरीराच्या ते लक्षात आलं नाही, रक्तस्राव झाला नाही. चुकलं असेल तर शरीराचं ध्यान चुकलं. सुरुवातीला असं होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष, असंही त्या म्हणाल्या. हल्ली काही ठिकाणी ‘मिसकॅरेज’ लिहितात. माझ्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. आणि ‘ए१’ मधला ए तोच होता. जी म्हणजे एकूण किती वेळा दिवस राहिले, पी म्हणजे किती बाळंतपणं, ए म्हणजे किती वेळा गेलं.

तिसरं आययूआय ३ नोव्हेंबरला, पाळीच्या एकोणिसाव्या दिवशी. १९ ला रक्तातलं बीटा एचसीजी, म्हणजे दिवस राहिल्याचं हार्मोन, ११२, दोन दिवसांनी २५१. एकटा आकडा फारसं बोलत नाही, दोन दिवसांत किती वाढला ते बघतात. कागदावर लिहिलं ‘४ आठवडे २ दिवस’. सोळा दिवसांपूर्वी तर आत काही नव्हतं! गर्भधारणेचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, पहिले दोन आठवडे फुकटचे. माझं बीज उशिरा सुटलेलं, त्यामुळे पाळीच्या तारखेनं चार आठवडे सहा दिवस व्हायचे, त्यांनी आययूआयचा दिवस चौदावा धरून मोजले. हे लिहून घ्या, कारण दुसरीकडे सोनोग्राफीला गेलात आणि त्यांनी पाळीवरून हिशेब केला तर ‘वाढ चार दिवस मागे’ असं ऐकावं लागेल. मी ऐकलं. यावेळी एकक बघायला शिकले होते, तारीखही बघितली.

३ डिसेंबरच्या कागदावर ‘योक सॅक’, ‘फीटल पोल’, ‘कार्डिॲक ॲक्टिव्हिटी प्रेझेंट’. तिसरा शब्द कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

१७ डिसेंबरला त्या दवाखान्यानं आम्हाला प्रसूतीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे नवा फॉर्म होता. नाव, वय, शेवटच्या पाळीची तारीख, त्याखाली जी, पी आणि ए असे तीन चौकोन. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘ते राहू द्या मॅडम, सिस्टर भरतील.’ मी २, ०, १ लिहिलं आणि तारखेपाशी कंसात ‘आययूआय ३ नोव्हेंबर’ असंही लिहून फॉर्म परत दिला.